वावरातून गॅसची पाइपलाइन गेली, सडक्या अंड्याचा वास येऊन राह्यला. मिथेन लीक आहे का हा?

धुऱ्यावरची_बाभूळ
रामराम मंडळी. वाशिम जिल्ह्यातून लिहून राह्यलो. समृद्धीच्या अंगानं गॅसची मोठी लाईन गेली ते तुमाले माहीत असंनच, तिची एक पट्टी आमच्या चार एकराच्या कोपऱ्यातून गेली. वर आता सोयाबीन उभं आहे, लाईन कुठीसा आहे ते फक्त पाटी लावलेल्या खांबावरून समजते.

तं झालं असं का चार दिवसांपासून संध्याकाळी धुऱ्याकडे (म्हणजे दोन वावरांमधल्या बांधाकडे) गेलो का सडक्या अंड्यावाणी वास येते. वारं पूर्वेकडून असलं का जास्त. पूर्वेकडे दुसऱ्याचं वावर आहे, त्याचा विषय नको. पण लाईनही तिकडूनच येते.

मी घरी सांगितलं तं पोट्टी (बारावीला आहे, सायन्स) म्हणे बाबा हा मिथेन असंन, आणि तो न जळता उडाला तं कोळशाच्या धुरापेक्षा वाईट. मी म्हटलं अवो बाई, मीटिंगमधे तं साहेब सांगून गेले का हा स्वच्छ इंधन होय, पर्यावरणाले चांगला. दोघांतलं खरं कोण?

म्हणजे प्रश्न दोन. एक, हा वास लाईनचा का? दोन, गॅस खरंच स्वच्छ आहे का आमाले टोपी घातली?

तर्रीपोहे
पहिले बिडी इझव भाऊ. बाकी नंतर.

धुऱ्यावरची_बाभूळ
तंबाखू खातो मी, बिडी नाही 🙏

पाइपवाला
भाऊ, मी या लाईनीतच आहे, दहा वर्षं झाली, कंपनीचं नाव विचारू नका. पहिली गोष्ट, मिथेनले वास नसते. रंग नाही, वास नाही, काहीच नाही. घरी जो वास येते तो वरून टाकलेल्या मरकॅप्टन नावाच्या गंधकाच्या औषधाचा, आणि ते औषध आपल्याकडे सहसा शहराच्या जाळ्यात गॅस शिरते तिथल्या स्टेशनात मिसळतात. तुमच्या वावरातून गेलेली ती मोठी लाईन, ट्रंक लाईन. तिच्यातल्या गॅसले सहसा वास टाकलेला नसते. म्हणजे तुमाले वास येऊन राह्यला हेच सांगते का तो बहुतेक लाईनचा नाही.

ट्रंक लाईन लीक असली तं खुणा वेगळ्या असतात. एकाच जागी पीक पिवळं पडते कारण मातीतली हवा गॅस हाकलून देते अन् मुळं गुदमरतात. पाणी साचलं असंन तं बुडबुडे दिसतात. उन्हाळ्यात धूळ आपोआप उडते. मोठं असलं तं फुसफुस आवाज येते. यातलं काही दिसलं तं तिथं मोबाईलही काढू नका, मागे येऊन खांबावरच्या नंबरवर फोन लावा. चोवीस तास चालू असते तो.

सडकं अंडं म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. आजूबाजूले नाली, पडीक विहीर, गोबरगॅस काही आहे का?

संत्रावाली
स्वच्छ की अस्वच्छ ते नंतर, आधी माझं ऐका. वरुडकडची मी. १९६२ चा पाइपलाइनचा कायदा आहे, त्यात जमीन आपलीच राहते, फक्त वापराचा हक्क घेतात, आणि मोबदला बाजारभावाच्या दहा टक्के. दहा! आणि त्या पट्ट्यावर घर नाही, विहीर नाही, टाकं नाही, झाड नाही. सोयाबीन-कापूसवाल्यांना काही वाटत नाही, पुन्हा पेरून मोकळे. आमच्या संत्र्याच्या बागेतून असली लाईन काढायची म्हणजे मधोमध भांग पाडल्यासारखं. आमच्या सासऱ्यांनी लावलेल्या दोन ओळी गेल्या, तेव्हा बहार धरलेला होता. पिकाचं नुकसान वेगळं मिळालं म्हणा, पण पुन्हा तिथे झाड लावता येत नाही ते कायमचं.

पुणेरी_वऱ्हाडी
ताई, सहानुभूती आहे, पण धागा मिथेनचा आहे ना? थोडं शास्त्रीय बोलूया. नैसर्गिक वायू हा संक्रमणकाळातला पूल आहे. कोळशाच्या तुलनेत त्याच विजेसाठी साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड निघतो. राख नाही, पारा नाही, गंधक जवळपास नाही.

तर्रीपोहे
आला बे पुण्याहून पूल घेऊन.

घुग्गुसचा_सूर्य
राख नाही हे मात्र आमच्या जिवाले विचारा. चंद्रपूरचं थर्मल २९२० मेगावॅटचं, सकाळी गाडीच्या काचेवर बोट फिरवलं का नाव लिहिता येते. तुमी शहरातले लोक गॅसमधे खोट काढता, आमी म्हणतो बाप्पा आणा गॅस, कायबी आणा, पण हे बंद करा.

निवृत्त_मास्तर
मुलीचं म्हणणं आणि साहेबांचं म्हणणं, दोन्ही खरं आहे आणि त्यात विरोध नाही. गंमत गळतीच्या टक्क्यात आहे. मी गणित शिकवायचो, सवय जात नाही, म्हणून फळ्यावर मांडतो.

१०० किलो मिथेन घेऊ. सगळा जळाला तर २७५ किलो कार्बन डायऑक्साइड होतो (१६ ग्रॅमचे ४४ ग्रॅम, बारावीचंच रसायन, पोरीला विचारा). तेवढीच उष्णता कोळशातून काढायची तर ४७५ किलोच्या आसपास निघेल. इथपर्यंत साहेब बरोबर.

आता समजा विहिरीपासून शेगडीपर्यंतच्या वाटेत ३ किलो गळाला. उरलेल्या ९७ चे २६७ झाले. गळालेला ३ किलो मात्र जळला नाही, मिथेन म्हणूनच वर गेला. वीस वर्षांच्या हिशेबात एक किलो मिथेन सुमारे ८२ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. ३ गुणिले ८२ म्हणजे २४६. एकूण ५१३. आणि ९७ किलोच्या उष्णतेसाठी कोळसा? ४६० च्या जवळपास. म्हणजे फक्त तीन टक्के गळतीत गॅस कोळशाच्या मागे गेला. इथे मुलगी बरोबर.

पुणेरी_वऱ्हाडी
सर, तुम्ही सोयीचा आकडा घेतलात. शंभर वर्षांच्या हिशेबात हाच गुणक ३० च्या आसपास येतो. मग ३ गुणिले ३० म्हणजे ९०, एकूण ३५७. गॅस आरामात जिंकतो. जगभरचे सरकारी हिशेब शंभर वर्षांचेच असतात.

निवृत्त_मास्तर
सोयीचा नाही, सांगूनच घेतला. मिथेन हवेत साधारण बारा वर्षं टिकतो आणि मग मोडतो, कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं बसून राहतो. म्हणून काळ जितका लांब धराल तितका मिथेन निरुपद्रवी दिसतो. पाहुणा आठ दिवस येऊन घर खाऊन गेला तर वर्षाच्या खर्चात तो कमीच दिसेल, पण त्या आठ दिवसांत डबे रिकामे झाले त्याचं काय? माझा नातू आज चार वर्षांचा आहे. त्याची पुढची वीस वर्षं मोजायची की शंभर, हे गणित सांगत नाही, ते आपण ठरवायचं.

खापरखेड्याची_चिमणी
मास्तर मस्त ❤️ पण तीन टक्के गळतो का खरंच? का असंच धरलं?

पाइपवाला
मी सांगतो. नवी स्टीलची वेल्डिंग केलेली लाईन, वरून कोटिंग, गंज लागू नये म्हणून बारीक करंट (कॅथोडिक प्रोटेक्शन), ती जमिनीखाली अशी टक्क्यांनी गळत नाही. लोकाइले वाटते पाइपले भोक पडून गॅस जाऊन राह्यला. खरी गळती जमिनीच्या वर जे दिसते तिथं असते, व्हॉल्व्ह, फ्लँज (नटबोल्टाचे जोड), कॉम्प्रेसर, विहिरीवरच्या टाक्या. आणि दुरुस्तीले दोन व्हॉल्व्हमधला गॅस मुद्दाम सोडून द्यावा लागते, ब्लोडाउन म्हणतात. तो अपघात नाही, ते काम आहे. मी स्वतः सोडलेला आहे. वर फक्त हवा लटलट करते उन्हात, बाकी काही दिसत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात हवामान वगैरे काही नव्हतं, एवढंच होतं का जवळून ट्रॅक्टर जाऊ नये.

अमेरिकेत २०१८ मधे मोठा अभ्यास निघाला, सायन्स नावाच्या मासिकात. पूर्ण साखळी मोजली तं उत्पादनाच्या २.३ टक्के गळती, सरकारी अंदाजापेक्षा ६० टक्के जास्त. आणि सगळीकडे सारखी नाही. पाच टक्के मोठ्या लीक मिळून निम्म्याहून जास्त गॅस घालवतात. म्हणून शोधणं महत्त्वाचं, प्रत्येक नटबोल्ट पुसत बसण्यापेक्षा.

निवृत्त_मास्तर
२.३! माझ्या कच्च्या गणितात वीस वर्षांच्या हिशेबाने गॅस आणि कोळसा बरोबरीत येतात ते २.४ टक्के गळतीच्या आसपास. अगदी काठावर.

पाइपवाला
सर फक्त उष्णतेचं धरलं म्हणून. वीजकेंद्रात गॅस टर्बाइन कोळशापेक्षा जास्त वीज काढते तेवढ्याच उष्णतेतून, तिथं काठ बराच वर सरकते.

वणीचा_कोळसा
एक मिनिट. सगळ्यांनी कोळशाच्या बाजूला मिथेन शून्य धरला. मी वीस वर्षं अंडरग्राउंडला होतो. खाणीत काय भरलेलं असते? मिथेनच. खाणींना गॅसच्या हिशेबानं डिग्री एक, दोन, तीन असा दर्जा देतात. हवेत पाच ते पंधरा टक्के झाला का ठिणगीची वाट पाहते. म्हणून मोठाले पंखे लावून तो बाहेर फेकतात, आमचा जीव वाचते, आणि तो गॅस कुठं जाते? तुमच्या आभाळात. त्याचं बिल कोळशाच्या नावावर टाका, मंग तुलना करा.

आमच्या शिफ्टला एक म्हातारा मायनिंग सरदार होता, म्हणजे खाणीतली सुरक्षा पाहणारा, भिंतीला कान लावून सांगायचा का इथं गॅस आहे, बारीक चिरचिर ऐकू येते म्हणे कोळशातून. मीटर लावला का निघायचाच.

पुणेरी_वऱ्हाडी
हा मुद्दा मात्र महत्त्वाचा. माझ्या बाजूने कोणीतरी बोललं 🙂

घुग्गुसचा_सूर्य
तुमच्या बाजूनं नाही, खाणीच्या विरोधात बोलले ते.

गोंदियाचा_धान
सगळे गॅस अन् कोळसा करून राह्यले, आमच्या बांधीचं कोणी नाव नाही काढत. धानाच्या पाण्यातून मिथेन निघते, ढोरं ढेकर देतात त्यातून निघते. २०२१ ला ग्लासगोच्या परिषदेत देशांनी शपथ घेतली का २०३० पर्यंत मिथेन तीस टक्के कमी करू, आपल्या देशानं सही नाही केली, कारण आपला बहुतेक मिथेन शेती अन् गुरांचा. मला तं ते बरोबर वाटलं. चार म्हशीवाल्याले अन् तेलविहिरीवाल्याले एकाच तराजूत कसं टाकता?

संत्रावाली
अगदी. आमच्या म्हशीने ढेकर दिला तर जगबुडी.

खापरखेड्याची_चिमणी
पण धानात पाणी मधेमधे आटवून पुन्हा भरलं तर मिथेन बराच कमी होतो आणि पाणीपण वाचतं, असं शिकलो होतो आम्ही. कृषी महाविद्यालयात.

गोंदियाचा_धान
बाई, आमच्याकडे पाणी आटवायची सोय नाही, ते आपोआप आटते. भरायची सोय सांगा.

तर्रीपोहे
😂😂 लाख मोलाचं

सिलेंडरमावशी
मला एक विचारायचं होतं, आमच्या घरी उज्ज्वलाचं सिलेंडर आहे, त्याला वास येतो कधी कधी, म्हणजे माझ्या सैपाकघरातून पण मिथेन जाते का? माझ्यामुळे गरमी वाढते का? आधी पऱ्हाटी जाळत होते, डोळे जायची वेळ आली होती.

पाइपवाला
नाही मावशी. तुमच्या सिलेंडरमधे मिथेन नसते, प्रोपेन-ब्युटेन असते, एलपीजी. ते हवेपेक्षा जड, खाली बसते, म्हणून वास आला का दार उघडा, बटण दाबू नका, रबरी नळी पाहा, रेग्युलेटर बंद करा. मिथेन हलका, वर उडते. शहरात पाइपनं जो येते तो मिथेन. तुमी बिनघोर सैपाक करा, पऱ्हाटीकडे परत जाऊ नका.

निवृत्त_मास्तर
वासावरून आठवलं. १८ मार्च १९३७ ला टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत इमारतीखालच्या पोकळीत गॅस साचला, वास नाही म्हणून कुणाला कळलं नाही, ठिणगी पडली आणि तीनशेच्या जवळपास जीव गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर तिथे गॅसमध्ये वास मिसळायचा कायदा झाला. मी दरवर्षी सातवीला हे सांगायचो. वर्ग एकदम शांत व्हायचा.

घुग्गुसचा_सूर्य
आपल्याकडे आंध्रात नगरम गावात २७ जून २०१४ ला पाइपलाइन फुटली होती पहाटे, वीसच्या वर माणसं गेली. तेव्हा बाभूळभाऊ, वास लाईनचा नाही म्हणून गप बसू नका. फोन लावून टाका.

पाइपवाला
हेच म्हणतो. फोन लावाले पैसे लागत नाहीत. अन् तुमच्याकडे कोणी जेसीबी लावत असंन तं आधी कळवाले सांगा. २०२३ पासून 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं सरकारी अ‍ॅप आहे त्यासाठीच. एका शहरात (नाव नाही सांगत) नालीवाल्यानं पिवळा प्लास्टिकचा पाइप फाडला, आमी गेलो तं तो ठेकेदार पाइपले पोत्यानं बांधून वरून माती टाकून राह्यला होता. म्हणे झालं ना बंद. दोन तास गॅस गेला, एवढुसा पाइप. त्याची नोंद कुठल्या हवामानाच्या वहीत होते सांगा. कुठल्याच नाही.

पुणेरी_वऱ्हाडी
म्हणूनच उपग्रहावर भर आहे. युरोपचा सेंटिनेल-५पी २०१७ पासून मोठ्या गळत्या वरून दाखवतो. कॅलिफोर्नियात अलिसो कॅनियनची साठवण विहीर ऑक्टोबर २०१५ ते फेब्रुवारी २०१६ गळत होती, जवळपास एक लाख टन मिथेन गेला. आणि बॉस्टन शहरात गाडीवर यंत्र बसवून रस्ते फिरले तर ३३५६ गळत्या सापडल्या, बिडाचे जुने पाइप.

तर्रीपोहे
३३५६ मोजणाऱ्याले पण नमस्कार. आमच्या नगरपंचायतीचे पाण्याचे लीक मोजाले बोलवा त्याले.

वणीचा_कोळसा
ते लाईनच्या आतून डुक्कर सोडतात म्हणे तपासाले, खरं का?

पाइपवाला
खरं 😄 पिग म्हणतात त्याले. पाइपात बरोबर बसणारं यंत्र, गॅसच्या दाबानंच पुढं ढकलत जाते, आत साफ करते, हुशार पिग असलं तं कुठं पाइप झिजला तेही मोजते. पहिल्या दिवशी साहेब म्हणे पिग येऊन राह्यलं, मी काठी घेऊन उभा होतो.

सिलेंडरमावशी
हसून हसून पोट दुखलं बाबा.

गोंदियाचा_धान
आमच्या धानात येतात तेही सोडा त्या पाइपात, परत नका येऊ देऊ.

खापरखेड्याची_चिमणी
अजून एक मुद्दा कोणी घेतला नाही. आपल्या देशात लागणाऱ्या गॅसपैकी जवळपास निम्मा बाहेरून जहाजाने येतो, उणे १६२ अंशाला थंड करून द्रव करतात, मग आपल्याकडे दाभोळसारख्या ठिकाणी पुन्हा वायू. त्या थंड करण्यात, वाहतुकीत जी ऊर्जा आणि गळती जाते ती दुसऱ्या देशाच्या वहीत. वाशिमच्या वावरात लाईन शंभर टक्के ठणठणीत असली तरी त्या गॅसचा आधीचा प्रवास कसा झाला ते त्या पाटीच्या खांबावरून कळत नाही. म्हणून "गॅस स्वच्छ आहे का" याला एकच उत्तर नाही, कुठला गॅस, कुठून आला, वाटेत किती सांडला.

संत्रावाली
म्हणजे संत्र्यासारखंच. झाडावरून उतरवलं तेव्हा चांगलं होतं, नागपूरच्या मंडीत पोचेपर्यंत किती सडलं ते विचारा.

निवृत्त_मास्तर
उपमा घेतली. पण सडलेलं संत्रं ८२ संत्र्यांइतकं नुकसान करत नाही, एवढाच फरक.

संत्रावाली
सर तुम्ही बाग केली नाही वाटतं कधी. एक सडकं पेटीत राहिलं की सकाळी पाहा.

धुऱ्यावरची_बाभूळ
मंडळी, चार दिवस आलो नाही, फवारणी होती. सगळं वाचलं, पोट्टीनं मास्तरांचं गणित वहीत उतरवून घेतलं.

फोन लावला होता. दुसऱ्या दिवशी दोघं जण आले, एक लाईनवर पायी फिरणारा अन् एक मशीनवाला. खांबापासून खांबापर्यंत मशीन घेऊन चालले, शून्य. व्हॉल्व्हवाल्या कंपाउंडलेही लावून आले, म्हणे तिथंही काही नाही. पीक पण कुठं पिवळं नव्हतं. मी म्हटलं मंग वास? तं तो मशीनवाला वारं पाहून धुऱ्याच्या पलीकडे चालत गेला. मी इकडेच उभा राह्यलो.

पाच मिनटात मशीन टीं टीं कराले लागलं.

पाइपवाला
गोबरगॅस.

धुऱ्यावरची_बाभूळ
हाव. घुमटवाला, जमिनीतला. बुढ्याच्या काळातला, दीनबंधू मॉडेल म्हणतात ना तो. त्याइच्याकडे सिलेंडर आलं तेव्हापासून गॅस वापरतच नाहीत, नळी उंदरानं खाल्ली तं कॉक बंद करून ठेवला. पण शेण टाकणं चालू आहे, कारण त्याची स्लरी हळदीले पाह्यजे. घुमट भरला का गॅस खालून स्लरीच्या तोंडातून बुडबुड करत बाहेर निघते. मशीनवाला म्हणे रोज निघत असंन.

निवृत्त_मास्तर
अरे! गोबरगॅसमध्ये साठ टक्क्यांच्या आसपास मिथेनच असतो. उघड्यावर पसरलेलं शेण हवेत वाळतं तेव्हा फारसा मिथेन होत नाही, बंद टाकीत मात्र भरपूर होतो. म्हणजे टाकी चालू ठेवून गॅस न जाळणं हा सगळ्यात वाईट प्रकार. काहीच सुचलं नाही तर शेगडी लावून नुसतं पाणी तापवा म्हणावं, तरी बरं.

गोंदियाचा_धान
म्हणजे कंपनी सुटली अन् शेतकरीच सापडला. मी म्हटलंच होतं.

पुणेरी_वऱ्हाडी
एक घुमट आणि अलिसो कॅनियन यात फरक आहे हो. प्रमाण बघा.

गोंदियाचा_धान
आता कसं बोललात! हेच मी तराजूचं म्हणत होतो.

पाइपवाला
नळी बदलाले फार खर्च नाही भाऊ. गॅसची नळी, एक नवा कॉक, साबणाचं पाणी लावून जोड तपासायचा, बुडबुडा आला का पुन्हा कसायचा. शेगडी गोबरगॅसची वेगळी असते, सिलेंडरची चालत नाही, भोकं मोठी लागतात. वर्षाचे दोन-तीन सिलेंडर वाचतील त्याइचे. अंघोळीचं पाणी, ढोराइची पेंड शिजवणं, हे सगळं त्याच्यावर होते. तुमी सांगा त्याइले, मी सुट्टीच्या दिवशी येऊन जोडून देतो, कारंजा मले दूर नाही.

सिलेंडरमावशी
हो सांगा बरं, शेजारधर्म आहे.

धुऱ्यावरची_बाभूळ
तेच तं अडलं ना मावशी. तो माह्या चुलतभाऊ होय. तीन सालापासून बोलणं बंद आहे आमचं.

तर्रीपोहे
कायच्यावरून?

धुऱ्यावरची_बाभूळ
माह्या आयडीकडे पाह्य.

तर्रीपोहे
धुऱ्यावरची बाभूळ 😂😂😂 अबे बाप्पा

घुग्गुसचा_सूर्य
धागा संपला. पंचायत बसवा.

संत्रावाली
लाईनच्या पट्ट्यात झाड चालत नाही म्हणून सांगितलं ना मी, ती बाभूळ पट्ट्यात येते का बघा, भांडणच मिटेल.

धुऱ्यावरची_बाभूळ
नाही येत ताई, सात हात दूर आहे, मोजलं मी.

आज सकाळी पोट्टीले पाठवलं काकाकडे. तिनं मास्तरांचं गणित त्याले समजावून सांगितलं म्हणते, ८२ पटीचं अन् सगळं, पाइपवाले भाऊ येऊन फुकट जोडून देतात तेही सांगितलं. त्यानं चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं, अन् म्हणे, ते ठीक आहे, पण तुह्या बापाले विचार बाभूळ कोणाची.

पाइपवाला
मी रविवारी येतो. बाभळीचं माहीत नाही, नळी घेऊन येतो.